सोमवारची दुरुस्ती

माझ्या हातून गाढवपणा पुष्कळ झालाय. पण अंघोळ करून, कपाळाला विभूती लावून, उदबत्ती ओवाळून, दर आठवड्याला नेमानं केलेला गाढवपणा एकच. तो सांगतो. तुम्ही चहा घ्या तोवर, आणि हसायचं असेल तर खुशाल हसा. मला सवय आहे.

गोष्ट आमच्या तेलगावची. एसटीडीच्या पिवळ्या पाट्यांशेजारी कॉम्प्युटरच्या पाट्या नुकत्याच लागायला लागल्या होत्या तेव्हाची. आमचं घराणं वाण्याचं. अप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, रस्त्यावर किराणा दुकान. मी अंबाजोगाईला बीकॉम झालो, तिथंच कॉम्प्युटरचा कोर्स केला, आणि परत येऊन अप्पांना म्हणालो, अर्धं दुकान मला द्या. अप्पांनी तूरडाळीच्या पोत्यांपासून पुढचा भाग दिला. मधे प्लायवूडची भिंत घातली. त्या भिंतीला अप्पांनी एक खिडकी ठेवून घेतली, कशाला ते तेव्हा कळलं नाही. पाटीवर मी लिहिलं : लग्नपत्रिका, व्हिजिटिंग कार्ड, कॉम्प्युटर क्लास. खाली जागा उरली होती, तिथं अप्पांनी पेंटरला सांगून 'गावरान तूप मिळेल' हेही लिहून घेतलं. खरं सांगू? पहिले दोन महिने मला सगळ्यात जास्त चौकशी तुपाचीच आली.

आता हे मशीन. प्रत्येक गिऱ्हाईक खिशात फ्लॉपी घेऊन यायचं आणि प्रत्येक फ्लॉपीत व्हायरस. पंधरा दिवसांनी मशीन आडवं. शेवटी आत्याचा महेश पुण्याहून आला. तो तिकडं कॉम्प्युटरमध्येच होता. त्यानं माझं सगळं पुसून लिनक्स टाकलं आणि मला समोर बसवून सांगितलं, "हे बघ, ह्यात एक पॅकेज मॅनेजर असतो. त्याला तुझ्या मशीनचा भांडारी समज. जी वस्तू त्याच्या हातून आत आली तिची त्याच्याकडे नोंद. कुठली फाइल कुठल्या फळीवर, केवढी, कशी, सगळं. त्याला तपासायला सांगितलंस की तो प्रत्येक फळी बघतो. एखादी फाइल मूळच्यासारखी दिसली नाही तर तिचं नाव सांगतो. मग सीडी घालायची, हुकूम सोडायचा, की मूळची फाइल परत जागेवर."

मी त्या भांडाऱ्याच्या प्रेमातच पडलो हो. का ते सांगतो.

आमच्या घरात सोमवार म्हणजे महादेवाचा वार, आणि दुकान साफ करायचा वार. सोमवारी गिऱ्हाईक घ्यायच्या आधी अप्पा एकूण एक बरणी खाली काढणार, झाकण उघडून आत बघणार, पुसणार, जिथली तिथं ठेवणार. वेलदोड्याच्या बरणीत एक लवंग सापडली तर घरातल्या सगळ्यांची चौकशी. जिथली वस्तू तिथंच पाहिजे, आणि बाहेरचं काही आत नको. लहानपणापासून मी हेच बघत आलो. आणि इथं तर मशीनच्या आत बसलेला एक माणूस तेच काम करतोय. दुसरे अप्पाच म्हणा ना.

मग काय, माझाही सोमवार सुरू झाला. सकाळी मशीन कोरड्या फडक्यानं पुसायचं, मॉनिटरला विभूतीची तीन बोटं ओढायची, उदबत्ती लावायची, आणि काळ्या पडद्यावर भांडाऱ्याला हुकूम : तपास सगळं. तो तपासायचा आणि म्हणायचा, सगळं ठीक. असे आठ सोमवार गेले. मला जरा वाईटच वाटायचं. डॉक्टरकडं जावं आणि त्यानं काही झालं नाही म्हणून घरी पाठवावं, तसं वाटायचं.

आता सुमनबद्दल सांगतो. तिच्याशिवाय ह्या गोष्टीत काही नाही, आणि खरं म्हणजे माझ्या दुकानातही नव्हतं.

सुमन माझ्या पहिल्या क्लासमधली. बारावी झालेली. तिचे वडील बिरूमामा मेंढपाळ, गावापासून दोन-तीन किलोमीटरवर त्यांची वस्ती. मी शिकवलेलं ती महिन्यात शिकली आणि पुढच्या महिन्यात मला शिकवायला लागली. तिला कामावर ठेवायचं म्हणून मी विचारलं तेव्हा बिरूमामा दुकानावर आले. आत नाही आले. पायरीपाशी काठी टेकून उभे राहिले.

"शिवाप्पा, पोरगी येईल कामाला," ते म्हणाले. "तिच्या मामाची मानसं लगीन लगीन करायलीत. पोरगी म्हनती, दोन वर्सं थांबा, मला काम शिकायचंय. मी म्हनलं, थांबतो. पर एक ध्यानात ठिवा. तिच्याकडं कुनी बोट दावलं, की त्या दिवसापासून ती घरी. मंग मी तिचं बी ऐकायचो न्हाई आन तुमचं बी."

मी म्हणालो, "मामा, माझ्या दुकानात कोण बोट दाखवतंय तिला?"

हे वाक्य लक्षात ठेवा. मी नाही ठेवलं.

आमचं मुख्य काम लग्नपत्रिकांचं. आम्ही त्या स्क्रीनवर, म्हणजे जाळीच्या चौकटीतून शाई दाबून, छापायचो. स्क्रीन प्रिंटिंगमध्ये प्रत्येक रंगाचा छाप वेगळा काढावा लागतो, लाल वेगळा, पिवळा वेगळा, हिरवा वेगळा. आमच्या चित्रांच्या प्रोग्रॅमला हे रंग वेगळे करता यायचे नाहीत. हातानं करायला बसलं की एका गणपतीला अख्खा दिवस. महेशला कळवलं. त्यानं पोस्टानं एक सीडी पाठवली, तिच्यात एक प्लगइन. प्लगइन म्हणजे मोठ्या प्रोग्रॅमला बाहेरून जोडायचा छोटा तुकडा. तो जोडला की मेनूत एक नवी ओळ येते, तिच्यावर दाबलं की चार रंग चार कागदांवर. बस.

सीडी आली त्या मंगळवारी मी परळीला शाई आणायला गेलतो. सुमननं सोबतचा इंग्रजी कागद वाचून प्लगइन बसवून टाकला. मी आलो तर टेबलावर शंकर-पार्वती चार रंगांत चार कागदांवर मांडून ठेवलेले.

"बसला सर," ती म्हणाली.

मी म्हणालो, "शाब्बास." कसा बसवलास, हे काही विचारलं नाही. मालकानं एवढं खोलात जायचं असतं का?

पुढचा सोमवार उजाडला. फडकं, विभूती, उदबत्ती, हुकूम. आणि काय आश्चर्य, भांडारी म्हणाला, एक फाइल मूळच्यासारखी नाही. मला एवढा आनंद झाला की मी उठून अप्पांच्या खिडकीत डोकं घातलं.

"अप्पा, सापडली. एक फाइल बिघडलीय."

"कशी काय बिघडली?" अप्पा बरणी पुसता पुसता म्हणाले.

"ते बघू मागून. आधी दुरुस्त करतो."

सीडी घातली, हुकूम सोडला, मूळची फाइल जागेवर. परत तपासलं. सगळं ठीक. त्या दिवशी मला उपवासाची खिचडीही गोड लागली.

मंगळवारी सुमननं मेनू उघडला. रंगांची ओळ गायब. तिनं शांतपणे सीडी घातली, वहीत बघून काहीतरी टाइप केलं, आणि ओळ परत आली. मी त्या वेळी बीडच्या गाडीनं येणारं कागदाचं पार्सल आणायला स्टँडवर. मला पत्ता नाही.

असं तीनदा झालं तेव्हा मला कळलं, तेही मी पार्सल लवकर घेऊन आलो म्हणून.

"हे काय करतेस?"

"प्लगइन गेलाय सर. बसवते."

"परत?"

"दर मंगळवारी गेलेला असतो," ती म्हणाली. आज पाऊस नाही म्हणावं, इतक्या शांतपणे.

इथून माझं डोकं चालायला लागलं. तुम्ही म्हणाल, चांगलंच आहे की. नाही हो. माझं डोकं चालू लागलं की घरातली माणसं वस्तू आवरून ठेवतात.

मी विचार केला, दुकानात दोन भानगडी चालल्यात. एक, दर आठवड्याला कोणीतरी एक फाइल बिघडवतं. ती मी सोमवारी दुरुस्त करतो. दोन, दर आठवड्याला कोणीतरी प्लगइन पळवतं. तो सुमन मंगळवारी बसवते. आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला, की ह्या दोन्ही भानगडी करणारा माणूस एकच असणार. बघा, इथपर्यंत मी बरोबर होतो. अर्धा तरी.

मग मी पुरावा शोधला. फाइल शेवटची कधी बदलली त्याची तारीख-वेळ मशीन दाखवतं. सोमवारी बिघडलेली फाइल सापडल्याबरोबर मी दुरुस्तीआधी वेळ बघितली. मंगळवार, सकाळी अकरा वीस. त्याच्या पुढच्या सोमवारी, मंगळवार, पावणेबारा. त्याच्या पुढच्या, मंगळवार, अकरा चाळीस. मंगळवारी त्या वेळी मी कुठं? स्टँडवर. मशीनवर कोण? सुमन.

माझ्या अंगावर काटा आला. पोरगी फाइल बिघडवते, प्लगइन पळवते, आणि आपणच बसवून दाखवते. का? तर तिच्याशिवाय आपलं दुकान चालत नाही, हे मला कळावं म्हणून. आता हे मला आधीच माहीत होतं, ते तिनं मुद्दाम दाखवायची गरज नव्हती, इतका साधा विचार माझ्या डोक्यात आला नाही.

त्या मंगळवारी दुकानात शेजारच्या गावचे कुंडलिकराव बसले होते, मुलीच्या लग्नाची पत्रिका घ्यायला. सोबत त्यांचे दोन भाऊ, आणि क्लासची चार पोरं. रंगांची ओळ गायब, पत्रिका अडलेली. सुमननं सीडी उचलली आणि मी म्हणालो, "थांब."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मला बरं वाटलं.

"दर मंगळवारी अकरा-साडेअकराला ह्या मशीनमधली एक फाइल बिघडते," मी म्हणालो. "त्या वेळी मशीनवर कोण असतं?"

"मीच असते," सुमन म्हणाली.

"मग बिघडवतं कोण?"

"मी कावून बिघडवीन सर? मी तर प्लगइन बसवते."

"आणि पळवतं कोण?"

ती माझ्याकडं वळून म्हणाली, "मला वाटलं, तुमी."

"मी?"

"मला वाटलं, तुमी परीक्षा घेताव. दर सोमवारी काढून ठेवताव, आन मला बसवता येतंय का बघताव. म्हणून मी काय बोलले न्हाई."

कुंडलिकरावांचा भाऊ हसला. तिथं माझा तोल गेला. मी बोट, हे उजव्या हाताचं बोट, तिच्याकडं करून ओरडलो, "मी काढतो? अगं, मी तर दर सोमवारी दुरुस्त करतो."

आता बघा. अख्खा गुन्हा मी सात माणसांसमोर स्वतःच्या तोंडानं कबूल केला. ऐकलं सगळ्यांनी, कळलं कोणालाच नाही, आणि मला तर नाहीच नाही. सुमन तेवढी म्हणाली, "काय दुरुस्त करताव सर?" पण मी तिला बोलू दिलं नाही. दुकान कोणाचं आहे, कोण कोणाला विचारतंय, असलं काहीतरी बोललो. आठवलं की अजून कान तापतात.

तिनं सीडी टेबलावर ठेवली. वही त्याच्यावर ठेवली. डबा उचलला आणि गेली. रडली बिडली नाही. कुंडलिकराव उठता उठता म्हणाले, "शिवाप्पा, पत्रिका कधी मिळंल आता?"

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. बिरूमामा शब्दाचे पक्के. दुकानाचे काय हाल झाले ते सांगत नाही, एवढंच सांगतो की कुंडलिकरावांच्या पत्रिकेतला नंदी मी हातानं वेगळा करायला बसलो आणि दिवसाअखेर त्याला पाचवा पाय निघाला.

शेवटी शनिवारी तिची वही उघडली. मोत्यासारखं अक्षर. तिनं जे टाइप करायला लिहिलं होतं ते मी एकेक अक्षर बघून जसंच्या तसं टाइप केलं. अर्थ बघितला नाही, बरोबर आलं की नाही एवढंच बघितलं. तीन तास लागले, तिला चार मिनिटं लागायची. पण ओळ आली. मी रविवारीच पत्रिकेचे चार रंगांचे कागद काढून ठेवायला हवे होते. पण नाही, मला चोर पकडायचा होता. सुमन आता नाही, म्हणजे प्लगइन जाणार नाही, आणि गेला नाही की माझं म्हणणं सिद्ध. तरी कुणी गडबड करू नये म्हणून अप्पांना म्हणालो, "अप्पा, सोमवारी दिवसभर त्या खिडकीतून माझ्या मशीनवर नजर ठेवा. कोण येतं, कोण हात लावतं, सगळं सांगा. कोणाची भीड ठेवू नका."

अप्पांनी काम मनावर घेतलं. सोमवारी त्यांनी बरण्या लवकर आवरल्या आणि खिडकीपाशी स्टुलावर बसले ते दुकान बंद होईपर्यंत. दुपारी जेवायलासुद्धा घरी गेले नाहीत. मी माझं सगळं केलं. फडकं, विभूती, उदबत्ती, तपासणी. एक फाइल बिघडलेली सापडली. दुरुस्त केली.

मंगळवारी सकाळी मेनू उघडला. ओळ गायब.

मी खिडकीत गेलो. "अप्पा, काल कोण आलतं मशीनपाशी?"

"एकच जन आला."

"कोण?"

"सकाळी आला. कपाळाला विभूती व्हती. मशीन पुसलं, उदबत्ती लावली, खुर्चीत बसला, सीडी घातली, काळ्या पडद्यावर कायतरी लिव्हलं. मंग आपल्याशीच हसला. आन माझ्याकडं बघून म्हनला, अप्पा, झाली दुरुस्ती."

"अप्पा, तो मी."

"मंग मी दुसरं काय सांगालोय?" अप्पा म्हणाले. "तूच म्हनलास कुनाची भीड ठिवू नका."

तरी बघा माणसाची जिद्द. मी म्हणालो, "पण मी तर दुरुस्त करतो."

"काय दुरुस्त करतोस बे?" अप्पांनी विचारलं. सुमननं विचारलेलं तेच. ह्या वेळी मला हाकलून देता येईना, कारण हे दुकानही त्यांचंच.

मी मशीनपाशी आलो. दर सोमवारी जी फाइल 'बिघडलेली' निघायची तिचं नाव कागदावर लिहिलं. मग सुमनची वही उघडली आणि पहिल्यांदा वाचली, नुसती उतरवली नाही. तिनं इंग्रजी कागदाप्रमाणे केलं होतं ते असं : जुनी फाइल काढायची आणि तिच्या जागी, त्याच नावानं, नवी ठेवायची. ती नवी फाइल म्हणजेच प्लगइन. नाव तेच. एक अक्षर इकडचं तिकडं नाही.

म्हणजे दर मंगळवारी सुमन प्लगइन बसवायची. भांडाऱ्याच्या हिशेबी ती फाइल मूळची नाही. सोमवारी मी त्याला विचारायचो, तो बिचारा खरं सांगायचा, आणि मी उदबत्तीच्या वासात प्लगइन काढून टाकायचो. मग मंगळवारी तो पळवल्याबद्दल चोर शोधायचो.

मी वही मिटली. अप्पा खिडकीतून बघत होते. म्हणाले, "सापडला का?"

"सापडला."

"मंग आता जा. मोटरसायकलची किल्ली गल्ल्यावर हाय."

वस्तीवर पोचलो तेव्हा बिरूमामा दोन पायांत कोकरू धरून त्याच्या पाठीवर गेरूचा पट्टा ओढत होते. चाऱ्याला दुसऱ्याचा कळप सोबत येणार होता, म्हणून आपल्या मेंढरांना खूण चालली होती. मला बघून त्यांनी हात थांबवला नाही. सुमन पलीकडं गेरू कालवत होती. तिनंही मान वर केली नाही.

मी वाटेत लांबलचक भाषण तयार केलं होतं. ते विसरलो. नुसतं सांगितलं. सोमवार, भांडारी, उदबत्ती, तारीख-वेळ, अप्पा, वही, सगळं. "सुमन, तू काही केलं नव्हतंस," मी म्हणालो. "मी चुकलो. चारचौघांत चुकलो. मला माफ कर."

बिरूमामांनी कोकरू सोडलं. "थांबा शिवाप्पा. मला समजू द्या. त्यो तुमचा भांडारी, त्याच्याकडं आपल्या मेंढरांची सगळी मोजदाद?"

"हो."

"आन हिनं नवं मेंढरू त्याला न सांगता त्याच्या वाड्यात सोडलं. त्याच्या एका मेंढराला भाईर काढून, त्याच्याच जागंवर."

"बरोबर."

"मंग त्यानं सांगितलं, हे माझं न्हाई. त्याचं काय चुकलं? आमच्या कळपात पाव्हन्याचं मेंढरू आलं तर त्याला आमी येगळा वाडा करतो. आपल्यात कोंबत न्हाई. मोजताना भांडणं व्हत्यात."

सुमननं मान वर केली. "सर," ती म्हणाली, "त्या कागदावर खाली दुसरी जागा बी लिहिलती. आपल्या नावाच्या घरच्या फोल्डरात प्लगइनसाठी येगळं फोल्डर करायचं. प्रोग्रॅम तिथं बी बघतो. मला वाटलं एवढ्या लांब कावून ठेवायचं, म्हणून मी वरचीच रीत घेतली. भांडारी तिथं बघत न्हाई ना?"

"नाही. घरच्या फोल्डरात तो पाय ठेवत नाही."

"मंग माझी बी चूक हाय," ती म्हणाली.

ज्या पोरीला मी सात माणसांसमोर चोर ठरवलं, ती माझ्या चुकीतला वाटा मागत होती. मी म्हणालो, "तुझी चूक चार मिनिटांची. माझी दोन महिन्यांची. वाटणी नको."

तिची आई चहा घेऊन आली. मेंढीच्या दुधाचा चहा, दाट. कप हातात आला तेव्हा जरा आशा वाटली. बिरूमामांनी आपला कप संपवला, मिशा पुसल्या आणि म्हणाले, "मी शब्द दिलता, बोट दावलं की घरी. शब्द मोडायचा तर त्याला कारन पायजे. तुमी कुंडलिकरावाला आन त्येच्या भावाला बोलवा. त्या पोरांस्नी बी. ज्याच्याम्होरं बोट दावलं त्याच्याम्होरं हे सगळं सांगा. असंच, उदबत्तीसकट."

"सांगतो."

"आन आमी चाकरीला मानूस घेताना एक महिना बघतो. मानूस कसा हाय, जनावरावर हात उगारतो का, सांगितलेलं ऐकतो का. महिन्यानं ठरवतो ठिवायचा का न्हाई. तसंच करू."

मी घाईनं म्हणालो, "मामा, तिला महिनाभर बघायची काही गरज नाही हो. तिचं काम मला माहीत आहे."

"तिला कोन बघालंय?" बिरूमामा म्हणाले. "तुमाला बघायचंय."

गुरुवारी दुकानात गर्दी झाली. कुंडलिकराव आले, भाऊ आले, पोरं आली, आणि ज्यांना बोलावलं नव्हतं तेही तूप घ्यायच्या निमित्तानं आले. मी उभं राहून सगळं सांगितलं. उदबत्तीपाशी लोक हसले, अप्पांच्या साक्षीपाशी खुर्च्या सरकल्या, नंदीच्या पाचव्या पायाचं तर मी आपणहून सांगितलं. पण शेवटी मी सुमनकडं वळून माफी मागितली तेव्हा कोणी हसलं नाही. कुंडलिकराव म्हणाले, "पोरी, बस बाई आता मशीनवर. माझ्या लेकीचं लगीन तोंडावर हाय." ती बसली. घरच्या फोल्डरात वेगळी जागा केली, प्लगइन तिथं ठेवला, आणि भांडाऱ्याची मूळची फाइल त्याची त्याला ठेवली. दुपारपर्यंत शंकर-पार्वती, नंदी, चार पायांवर, चार रंगांत तयार.

पुढच्या सोमवारी तपासणी तिनं केली. भांडारी म्हणाला, सगळं ठीक. मंगळवारी ओळ जागेवर. आणि मी सांगू का, त्या ओळीकडं बघून मला जेवढं बरं वाटलं तेवढं कुठल्याही दुरुस्तीनं वाटलं नव्हतं. पुढं माझं दुकान वाढलं, ते ह्या पोरीनं वाढवलं. ती त्या दिवशी वस्तीवरूनच मला परत पाठवू शकली असती, आणि तिचं काही चुकलं नसतं. तिचे उपकार मी असे चारचौघांत सांगत असतो, कारण अपमानही चारचौघांतच केला होता.

तर महिना भरला. त्या दिवशी मी धुतलेला शर्ट घातला होता. खरं सांगतो, बीकॉमच्या निकालाला एवढी धडधड नव्हती. बिरूमामा आले, पायरीपाशी काठी टेकून उभे राहिले, आणि माझ्या डोक्यावरून आत बघत म्हणाले, "काय गं सुमे, कसा हाय मानूस?"

सुमन मशीनवरून उठली. माझ्याकडं नीट बघितलं. मी हात मागं बांधून उभा होतो, आपल्याच दुकानात.

"चुकत्यात," ती म्हणाली. "पर सांगितलं की ऐकत्यात. महिनाभरात एकदा बी आवाज चढवला न्हाई."

"मंग ठिवायचा म्हन्तीस?"

"ठिवा."

बिरूमामांनी मान हलवली आणि निघाले. मी खुर्चीत बसलो. तेवढ्यात पलीकडून, त्या खिडकीच्या मागून, अप्पांचा आवाज आला. दुकानातल्या प्रत्येक गिऱ्हाइकाच्या हातावर ते चिमूट चिमूट साखर ठेवत होते.

"घ्या, तोंड गोड करा. पोरगं आज कायम झालं."